गोणी ते पाकीट : काजू-शेंगदाण्याच्या निर्यातीचा वसईमार्गे प्रवास

परदेशातील किराणा दुकानात दोनशे ग्रॅमच्या पाकिटात मिळणारा काजू किंवा भाजलेला शेंगदाणा बहुतेक वेळा त्याच पाकिटातून समुद्र ओलांडत नाही. उत्पादक देशातून तो मोठ्या पिशव्यांत, खोक्यांत किंवा गोण्यांत भरून निघतो, परक्या बंदरावर उतरतो, तेथील गोदामात त्याची पुन्हा तपासणी होते आणि मगच तो त्या देशाच्या भाषेतील लेबल लावलेल्या छोट्या पाकिटांत शिरतो. पहिल्या टप्प्याला घाऊक निर्यात आणि दुसऱ्याला पुनर्वेष्टन, म्हणजेच व्यापाराच्या बोलीत ‘रिपॅकिंग’, असे म्हणतात. या साखळीचा एक मूलभूत नियम असा की, मोठी पिशवी एकदा फुटली की माल कोठून आला, कोणी सोलला, केव्हा तपासला हे सांगणारी एकच खूण शिल्लक राहते, ती म्हणजे लॉट क्रमांक. आणि त्या क्रमांकामागची माहिती खरी असावी यासाठीचे सगळे काम माल निघतो तेथेच करावे लागते. वसई-विरारसारख्या भागाला या व्यापारात जी जागा मिळू शकते, ती याच कामामुळे.

मोठी पिशवी का?

तयार पाकिटेच का पाठवत नाहीत, हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे पहिले उत्तर जागेचे आहे. जहाजाचे भाडे कंटेनरमागे आकारले जाते आणि छोट्या पाकिटांत हवा, पुठ्ठा व रिकामी जागाच अधिक असल्याने त्याच कंटेनरमध्ये प्रत्यक्ष माल कमी मावतो. दुसरे उत्तर मुदतीचे आहे, कारण पाकिटावरील ‘अमुक तारखेपूर्वी वापरावे’ ही मुदत सामान्यतः पाकीटबंद केल्यापासून धावू लागते आणि समुद्रप्रवासात जाणारे आठवडे त्यातून वजा होतात. तिसरे उत्तर कायद्याचे आहे. लेबलाची भाषा, पोषणमूल्यांचा तक्ता, अॅलर्जीची सूचना आणि वजनाची एकके देशागणिक बदलतात, त्यामुळे एकाच मालासाठी अनेक प्रकारची पाकिटे छापून ठेवणे मूळ निर्यातदाराला परवडत नाही. शिवाय काजू खारवायचा की मसाला लावायचा, शेंगदाणा किती भाजायचा, याचा निर्णय ग्राहकाच्या जवळ असलेल्या व्यापाऱ्याला अधिक अचूक घेता येतो. म्हणूनच जर्मनी व नेदरलँड्समधील भाजणी कारखाने, दुबईच्या जबेल अली मुक्त व्यापार क्षेत्रातील गोदामे किंवा अमेरिकेतील भारतीय किराणा मालाचे वितरक ही पुनर्वेष्टनाची प्रमुख ठिकाणे झाली आहेत.

डब्यापासून निर्वात पिशवीपर्यंत

काजूचे झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलमधून भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आणले. वसईचा मुलूखही त्याच शतकात, १५३४ साली, त्यांच्या ताब्यात गेला आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेनंतर सुटला. काजू मात्र किनाऱ्यावर कायमचा रुजला. तरी त्याचा गर परदेशी विकण्याचा संघटित धंदा उभा राहिला तो विसाव्या शतकात, केरळमधील कोल्लमच्या आसपास. सुरुवातीला गर लाकडी खोक्यांतून पाठवला जाई आणि महिनाभराच्या प्रवासात त्याला कीड लागे. पत्र्याच्या हवाबंद डब्यात कार्बन डायऑक्साइड वायू भरण्याची पद्धत आल्यावर ही अडचण दूर झाली. एका डब्यात २५ पौंड, म्हणजे ११.३४ किलो गर बसे आणि दोन डब्यांचे एक खोके ५० पौंडांचे होई. पत्र्याचे डबे आता जवळपास गेले आणि त्यांची जागा अनेक पदरी निर्वात पिशव्यांनी घेतली, तरीही आजच्या काजूच्या खोक्याचे वजन २२.६८ किलोच असते. त्या विषम आकड्यामागे हाच जुना ५० पौंडांचा हिशेब आहे.

पिशवी भरण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. गर भरल्यावर आतील हवा ओढून घेतली जाते, कार्बन डायऑक्साइड किंवा नायट्रोजन सोडला जातो आणि तोंड उष्णतेने बंद केले जाते. कार्बन डायऑक्साइड वापरला असेल, तर गर तो वायू हळूहळू शोषून घेतो आणि पिशवी आतून आवळली जाऊन विटेसारखी घट्ट होते. गोदामात रचलेल्या खोक्यांपैकी एखाद्यातील पिशवी हाताला सैल लागली, तर तिला कोठेतरी सूक्ष्म छिद्र पडले आहे हे अनुभवी कामगार न उघडताही ओळखतो आणि ते खोके बाजूला काढतो.

वसई-विरारचे स्थान

वसई-विरार महापालिका क्षेत्र हे काजूचे किंवा शेंगदाण्याचे आगर नाही. वसईची ओळख केळी, पानवेल, फुलमळे आणि भाजीपाल्याची आहे. परंतु या शहराच्या पूर्वेकडील गोखिवरे, सातिवली, वालीव या भागांत लहान औद्योगिक गाळ्यांच्या वसाहती पसरलेल्या आहेत, त्यांच्या लगत मुंबई-अहमदाबाद राष्ट्रीय महामार्ग जातो आणि न्हावा-शेव्याचे जवाहरलाल नेहरू बंदर घोडबंदर-ठाणेमार्गे शंभर किलोमीटरच्या आत येते. मुंबईतील सुक्या मेव्याचा घाऊक व्यापार पूर्वी मशीद बंदर भागात एकवटला होता. पुढे त्याचा मोठा भाग वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीच्या मसाला मार्केटमध्ये गेला. तो बाजारही याच परिघात येतो.

कच्च्या मालाच्या दृष्टीने पाहिले तर तीन दिशांचे रस्ते येथे जवळ येतात. दक्षिणेकडून सिंधुदुर्ग-रत्नागिरीचा आणि घाटावरील चंदगड-आजरा भागाचा काजू येतो. उत्तरेकडे महामार्गाच्या दुसऱ्या टोकाला गुजरात आहे, जेथील सौराष्ट्र हा देशातील शेंगदाण्याचा सर्वांत मोठा प्रदेश होय. एकाच मालाचे पूर्ण कंटेनर सौराष्ट्रातून सहसा गुजरातच्याच बंदरांवर जातात, परंतु परदेशातील भारतीय दुकानांसाठी काजू, शेंगदाणे, डाळी, पोहे असा मिश्र माल जेव्हा एका कंटेनरमध्ये भरायचा असतो, तेव्हा मुंबई परिसरातील गोदाम सोयीचे ठरते. तिसरी दिशा पूर्वेची, म्हणजे पालघर जिल्ह्याच्याच डोंगराळ भागाची. जव्हार-मोखाडा परिसरात ‘बाएफ’ या संस्थेने आदिवासी कुटुंबांसाठी ‘वाडी’ कार्यक्रम राबवला, ज्यात कुटुंबाने आपल्या हलक्या जमिनीच्या तुकड्यावर आंबा आणि काजूची कलमे लावून जगवावी आणि मधल्या जागेत नेहमीची पिके घ्यावीत, अशी योजना आहे. १९८०च्या दशकात दक्षिण गुजरातच्या वांसदा भागात आकाराला आलेल्या या कल्पनेमुळे जव्हारच्या उतारांवर काजू हे नगदी पीक म्हणून उभे राहिले. वसईच्या गाळ्यात एखादी प्रतवारी-वेष्टन यंत्रणा उभी राहिली, तर तिच्या सर्वांत जवळचा काजू हाच असेल.

सातशे खोक्यांचा हिशेब

काजूगराच्या व्यापारात वीस फुटी कंटेनरमध्ये ७०० खोकी, म्हणजे ३५,००० पौंड किंवा साधारण १५.९ टन गर, असा संकेत रूढ आहे. हा एक कंटेनर भरण्यासाठी किती बी लागते, हे ‘उतारा’ या मोजमापावरून कळते. ८० किलोच्या पोत्यातील बीमधून किती पौंड चांगला गर निघेल, तो आकडा म्हणजे उतारा. तो काढण्यासाठी वेगवेगळ्या पोत्यांतून सुमारे किलोभर नमुना घेतात, त्यातील बिया मोजतात, प्रत्येक बी उभी कापून गर बाहेर काढतात आणि भरलेला, अर्धवट भरलेला, डागाळलेला व किडका असे ढीग करून वजन घेतात. उतारा ४८ आला, तर गराचे प्रमाण सुमारे २७ टक्के पडते आणि ३५,००० पौंड गरासाठी ७२९ पोती, म्हणजे ५८ टनांहून अधिक बी लागते. एका वाडीधारक कुटुंबाकडून २०० किलो बी मिळते असे धरून चालले, तर जवळपास २९० कुटुंबांचे पीक एका कंटेनरमध्ये जाते.

वस्तुतः गरज याहूनही मोठी असते, कारण खरेदीदार ‘काजू’ मागत नाही, तो विशिष्ट प्रत मागतो. अखंड पांढऱ्या गराच्या प्रती पौंडात किती नग बसतात यावरून ठरतात. ‘डब्ल्यू १८०’ मध्ये पौंडाला १८० पर्यंत टपोरे गर बसतात, ‘डब्ल्यू २४०’ मध्ये २२० ते २४० आणि जगभर सर्वाधिक चालणाऱ्या ‘डब्ल्यू ३२०’ मध्ये ३०० ते ३२०. त्यांच्याखाली पाकळी, तुकडा आणि कणी यांच्या प्रती येतात, शिवाय भाजणीत किंचित करपलेल्या गराची प्रत वेगळी असते. एकाच पोत्यातून या सगळ्या प्रती थोड्याथोड्या निघतात, त्यामुळे केवळ ‘डब्ल्यू ३२०’ चा कंटेनर भरायचा असेल, तर उरलेल्या पाकळी-तुकड्याला देशातच गिऱ्हाईक शोधावे लागते. मिठाई, आइस्क्रीम आणि बिस्किटांच्या कारखान्यांनी वेढलेल्या मुंबई परिसरात ते सहज मिळते, आणि काजूकतलीसाठी तुकडा अखंड गराइतकाच उपयोगी पडतो. एखाद्या लहान गावातील काजू कारखान्याला हा दुहेरी बाजार एकट्याने सांभाळणे जड जाते. अनेक कारखान्यांचा माल एकत्र करून प्रतवार वेगळा करणारे केंद्र लागते ते यासाठीच.

बीचा आकारही येथे बोलतो. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात विकसित झालेल्या ‘वेंगुर्ला-७’ या वाणाची बी सुमारे १० ग्रॅमची असते, म्हणजे किलोला शंभराच्या आसपास बिया बसतात, तर पश्चिम आफ्रिकेतून आयात होणाऱ्या बीचे प्रमाण किलोला दोनशेच्या घरात जाते. भारतीय काजू कारखाने स्थानिक बी पुरत नसल्याने आयव्हरी कोस्ट, बेनिन, घाना, टांझानिया या देशांतून बी आणतात. हा व्यवहार पूर्णपणे वैध आहे, मात्र कोकणची बी आणि आफ्रिकेची बी एकाच लॉटमध्ये मिसळली, तर त्या लॉटला कोकणचे नाव लावण्याचा अधिकार उरत नाही, आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या वेंगुर्ला काजूच्या बाबतीत तर हे भान अधिकच काटेकोरपणे ठेवावे लागते.

ओलावा आणि बुरशी

सुक्या मेव्याचा खरा शत्रू ओलावा आहे. काजूगरात ओलावा ५ टक्क्यांहून अधिक नको, असा व्यापारी दंडक आहे. गरावरची तांबूस साल सुटावी म्हणून तो भट्टीत वाळवला जातो तेव्हा तो इतका कोरडा होतो की हात लागताच फुटतो, म्हणून प्रतवारीपूर्वी त्याला थोडा दमटपणा परत द्यावा लागतो. ही दोन टोकांमधली मर्यादा सांभाळणे हे कसबाचे काम आहे. वसईसारख्या किनारपट्टीच्या शहरात, जेथे २०१८च्या जुलैत रेल्वेमार्गही पाण्याखाली गेले होते, तेथे पावसाळ्यात माल जमिनीपासून उंच फळ्यांवर आणि भिंतीपासून दूर ठेवणे, तसेच हवेतील आर्द्रता मोजत राहणे याला पर्याय नाही. कंटेनरमध्येही धोका संपत नाही. दमट हवेत बंद केलेला कंटेनर थंड समुद्रात पोहोचला की आतील बाष्प छताला लागून थेंबांच्या रूपाने मालावर टपकते. म्हणून कंटेनरला आतून जाड कागद लावतात आणि बाष्प शोषणाऱ्या पिशव्या टांगतात.

शेंगदाण्याच्या बाबतीत ओलाव्याचा परिणाम अधिक गंभीर असतो. शेंग काढणीनंतर नीट वाळली नाही, तर तिच्यावर अॅस्परजिलस जातीची बुरशी वाढते आणि अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक, कर्करोगकारक विष तयार होते. १९६० साली इंग्लंडमध्ये सुमारे एक लाख टर्की पक्षी अज्ञात रोगाने मेले. त्यांच्या खाद्यातील शेंगदाण्याच्या पेंडीचा शोध घेताना हे विष प्रथम ओळखले गेले. युरोपीय संघाने थेट खाण्यासाठीच्या शेंगदाण्यात एकूण अफ्लाटॉक्सिनची मर्यादा किलोमागे ४ मायक्रोग्रॅम ठेवली आहे, तर पुढे निवडणी किंवा अन्य प्रक्रिया होणार असलेल्या मालासाठी ती १५ आहे. गोणीतला माल आणि पाकिटातला माल यांतील भेद कायद्यानेच किती स्पष्ट केला आहे, हे या दोन आकड्यांतून दिसते. त्याचा अर्थ घाऊक माल कमी प्रतीचा चालतो असा मात्र नाही. मर्यादेच्या काठावरचा माल परदेशी निवडणी यंत्राच्या भरवशावर पाठवणारा निर्यातदार तपासणीत अडकला, तर कंटेनर परत आणण्याचा किंवा नष्ट करण्याचा खर्च त्याच्याच माथी येतो. भारतातून युरोपला जाणाऱ्या शेंगदाण्यासाठी ‘अपेडा’ या केंद्रीय संस्थेने ‘पीनट डॉट नेट’ ही नोंदप्रणाली उभारली आहे, जिच्यात कारखाना, लॉट, प्रयोगशाळेचा अहवाल आणि प्रमाणपत्र एकमेकांशी जोडलेले असतात. विष मूठभर दाण्यांत एकवटलेले असू शकत असल्याने एका गोणीतला नमुना पुरत नाही. अनेक गोण्यांतून घेतलेले दाणे एकत्र दळून, एकजीव करूनच चाचणी घ्यावी लागते.

पिशवी फुटल्यानंतर

परदेशी गोदामात माल पोहोचल्यावर आयातदार प्रथम कागद आणि माल यांची सांगड तपासतो. बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाज कंपनीने माल ताब्यात घेतल्याची पावती, मूळ देशाचे प्रमाणपत्र, कीडरोगमुक्तीचा दाखला, धुरीकरणाचा दाखला, प्रयोगशाळेचा अहवाल, या सर्वांवरील लॉट क्रमांक आणि खोक्यांवरील क्रमांक जुळावे लागतात. त्यानंतर पिशव्या उघडून माल चाळणी, प्रकाशकिरणांनी रंग पाहून निवड करणारे यंत्र आणि धातुशोधक यांतून जातो, गरजेप्रमाणे भाजला जातो आणि पाकिटांत भरला जातो. शेंगदाणा आणि काजू यांची अॅलर्जी काहींच्या जिवावर बेतू शकते, म्हणून एका मालानंतर दुसरा चालवण्यापूर्वी यंत्रे पूर्ण धुतली जातात आणि पाकिटावर अॅलर्जीची सूचना ठळक छापली जाते. अमेरिकेच्या १९३० सालच्या जकात कायद्यानुसार आयात मालाचा मूळ देश अखेरच्या ग्राहकाला कळला पाहिजे, त्यामुळे पुनर्वेष्टन झाले तरी ही नोंद पुसता येत नाही.

नोंदीचे मोल संकटात कळते. २००८-०९ मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातील एका शेंगदाणा कारखान्याच्या मालातून साल्मोनेला जिवाणूंचा प्रादुर्भाव झाला, ७००हून अधिक लोक आजारी पडले आणि ९ जणांचा मृत्यू ओढवला. हा माल घाऊक स्वरूपात शेकडो कंपन्यांकडे गेलेला असल्याने ३,९००हून अधिक उत्पादने बाजारातून परत घ्यावी लागली. या घटनेनंतर २०११ साली अमेरिकेने अन्नसुरक्षेचा नवा कायदा केला आणि परदेशी पुरवठादाराची पडताळणी करण्याची जबाबदारी आयातदारावर टाकली. युरोपात २००५ पासूनच ‘एक पाऊल मागे, एक पाऊल पुढे’ असा नियम लागू आहे. म्हणजे प्रत्येक व्यावसायिकाने माल कोणाकडून घेतला आणि कोणाला दिला, हे केव्हाही दाखवता आले पाहिजे. आज परदेशी खरेदीदार वसईतील पुरवठादाराला दराआधी नोंदवह्यांबद्दल विचारतो, याचे कारण या इतिहासात आहे.

याच व्यापाराची उलटी दिशाही मुंबई परिसराला चांगली ठाऊक आहे. कॅलिफोर्नियातील बदामाची भारत ही मोठी बाजारपेठ आहे, आणि बराचसा बदाम टरफलासकट मोठ्या प्रमाणात आयात होऊन येथे फोडला, निवडला आणि पाकीटबंद केला जातो. तेव्हा पाकिटावर आयातदाराचे नाव, मूळ देश, निव्वळ वजन आणि कमाल किरकोळ किंमत छापण्याची सक्ती भारतीय नियम करतात. परदेशी आयातदाराला भारतीय काजूच्या बाबतीत कोणत्या अडचणी येतात, हे समजून घेण्यासाठी येथील व्यावसायिकाला दूर जावे लागत नाही.

मोबदला आणि जबाबदारी

पाकिटावर ज्याचे नाव, नफ्याचा मोठा वाटा त्याचा, ही या साखळीची कठोर वस्तुस्थिती आहे. बी पिकवणारे कुटुंब आणि गराची प्रतवारी करणाऱ्या स्त्रिया यांच्या हातात सर्वांत कमी पडते, वास्तविक मालाचा दर्जा त्यांच्याच हातांनी ठरतो. काजूच्या टरफलातील तेल त्वचा भाजते, म्हणून बी फोडण्याच्या कामात हातमोजे आणि ताजी हवा ही सवलत नसून अट असली पाहिजे. प्रतवारीच्या टेबलावर पुरेसा उजेड आणि बसण्याची नीट सोय असली, तर करपलेला गर पांढऱ्यात मिसळण्याचे प्रमाणही घटते. कामगारांची काळजी आणि मालाची शुद्धता या दोन गोष्टी येथे वेगळ्या काढता येत नाहीत.

पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर डहाणूजवळ वाढवण येथे मोठे बंदर उभारण्याच्या कामाची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. मच्छीमार आणि बागायतदार यांच्या उपजीविकेचे जे प्रश्न या प्रकल्पाने उभे केले आहेत, त्यांचे न्याय्य उत्तर मिळणे आवश्यकच आहे. बंदर जवळ आले म्हणून जव्हारच्या काजूला आपोआप चांगला भाव मिळेल, असे मानणेही भाबडेपणाचे ठरेल. भाव मिळतो तो सिद्ध करता येणाऱ्या दर्जाला. वाडीतल्या शेतकऱ्याची बी तोलताना त्याचे गाव आणि तारीख नोंदवली, ती पोती वेगळी ठेवली, उतारा त्याच्यासमोर काढला आणि तोच क्रमांक थेट परदेशी पाकिटापर्यंत नेला, तर आयातदाराला ‘भारतीय काजू’ या मोघम नावाऐवजी जव्हारचा किंवा वेंगुर्ल्याचा काजू म्हणून तो विकता येतो आणि वाढीव किमतीतील वाटा मागण्याचा आधार शेतकऱ्याला मिळतो. या कामाला प्रचंड भांडवल लागत नाही. तराजू, आर्द्रतामापक, स्वच्छ गाळा, प्रशिक्षित हात आणि खोटी नोंद न करण्याचा निर्धार एवढे पुरते. ते सर्व वसई-विरारमध्ये उभे करणे शक्य आहे, आणि शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपन्या, लहान कारखानदार व निर्यातदार यांनी ते एकत्र येऊन उभे केले, तर गोणी फुटल्यावरही तिच्यातील कष्टांची ओळख टिकून राहील.